पत्त्यातला स्वल्पविराम

सीएसव्ही फाइल दिसायला अगदी साधी असते: एका ओळीत एक नोंद आणि दोन रकान्यांच्या मध्ये स्वल्पविराम. त्यामुळे पोस्टग्रेस या डेटाबेससोबत मिळणाऱ्या पीएसक्यूएल या कमांड लाइन साधनात सीएसव्हीचा स्वतंत्र पर्याय यायला २०१९ साल, म्हणजे १२वी आवृत्ती, उजाडावी लागली याचे नवल वाटते. त्याआधी अनेकजण विभाजक म्हणून स्वल्पविराम ठरवून बिनचौकटीचा तक्ता छापत आणि तीच फाइल पुढे पाठवत. घोटाळा तिथेच होई.

‘१२, शनिवार पेठ, पुणे’ हा पत्ता घ्या. डेटाबेसमध्ये तो एकाच रकान्यात असतो. पण नुसते स्वल्पविराम घालून छापला, की फाइल वाचणाऱ्या प्रोग्रामला तिथे तीन रकाने दिसतात आणि त्या ओळीतला पुढचा सगळा मजकूर, पिनकोडसकट, दोन घरे उजवीकडे सरकतो. यावरचा नियम २००५ साली आरएफसी ४१८० या दस्तऐवजात नोंदवला गेला: मजकुरात स्वल्पविराम, दुहेरी अवतरणचिन्ह किंवा नवी ओळ असेल, तर तो पूर्ण रकाना दुहेरी अवतरणांत ठेवावा आणि आतले प्रत्येक दुहेरी अवतरणचिन्ह दोनदा लिहावे.

सर्व्हरची कॉपी ही आज्ञा असे सीएसव्ही आधीपासूनच लिहीत आणि वाचत होती, परंतु पीएसक्यूएलच्या स्वतःच्या आज्ञांनी दाखवलेली टेबलांची यादी तिच्यातून काढता येत नसे. नव्या पर्यायाने ती सोय झाली, आणि शिवाय निघालेला मजकूर कॉपीला परत वाचता यावा याची काळजी घेतली गेली. ही काळजी किती बारीक आहे पाहा: ओळीवर बॅकस्लॅश आणि टिंब एवढेच असले, तर कॉपी ते ‘मजकूर संपला’ या अर्थी घेऊ शकते, म्हणून रकान्यात नेमकी हीच दोन चिन्हे असतील, तर पीएसक्यूएल त्यांनाही अवतरणांत ठेवते.

एका ठिकाणी मात्र वापरणाऱ्याने स्वतः जागरूक राहायला हवे. कॉपी रिकाम्या मजकुरासाठी अवतरणांची रिकामी जोडी लिहिते आणि ‘नल’, म्हणजे माहितीच नाही, यासाठी काहीच लिहीत नाही. पीएसक्यूएल दोन्हींसाठी जागा मोकळी सोडते, त्यामुळे परत भरताना रिकामा मजकूरही नल होऊन बसतो. हा फरक जपायचा असेल, तर मजकुरात कुठेही येणार नाही अशी एखादी खूण नलसाठी ठरवून छापावी आणि भरताना कॉपीलाही तीच सांगावी.