घटत्या शक्यतांचे कोडे

एका पिशवीत एक पांढरी आणि एक काळी गोटी आहे. न पाहता एक गोटी काढायची. पांढरी आली तर जिंकलात, काळी आली तर ती परत टाकून सोबत आणखी एक काळी टाकायची आणि पुन्हा हात घालायचा. यशाची संभाव्यता अशा रीतीने १/२, १/३, १/४ अशी घटत जाते. कितीही वेळ खेळता येत असेल, तर पांढरी गोटी कधी तरी मिळेलच का?

या संभाव्यतांची बेरीज करण्याचा मोह होतो. पण ती तिसऱ्याच प्रयत्नाला १३/१२ होते, आणि संभाव्यता एकाहून मोठी असूच शकत नाही. हिशेब अपयशाचा मांडावा. सलग काळी गोटी येण्याची संभाव्यता १/२ × २/३ × ३/४ अशी वाढत जाणाऱ्या गुणाकाराने मिळते, त्यात लागोपाठचे अंश-छेद कटतात आणि शंभर प्रयत्नांनंतर केवळ १/१०१ उरते. ती शून्याकडे जात असल्याने यश निश्चित आहे. मात्र दुसरा प्रयत्न करावा लागण्याची संभाव्यता १/२, तिसरा करावा लागण्याची १/३ असल्याने प्रयत्नांची सरासरी १ + १/२ + १/३ + … इतकी येते, आणि ही बेरीज कोणतीही मर्यादा ओलांडते, हे निकोल ओरेम यांनी चौदाव्या शतकातच दाखवले होते. म्हणजे यश ठरलेले, पण सरासरी प्रतीक्षा अनंत!

आता अशा दोन पिशव्या घ्या. दोन्हींतून एकाच वेळी पांढरी आली तरच जिंकायचे, नाहीतर दोन्हींत एकेक काळी वाढवायची. संभाव्यता १/४, १/९, १/१६ अशा होतात. ऑयलर यांच्या प्रसिद्ध सूत्रानुसार त्यांची अनंत बेरीज सुमारे ०.६४५ भरते, पण तेही उत्तर नव्हे, कारण दुसऱ्या प्रयत्नाची वेळ येते ती पहिला फसला तरच. अपयशांचा गुणाकार ३/४ × ८/९ × १५/१६ × … बरोबर १/२ वर स्थिरावतो. अनंत प्रयत्न करूनही निम्मे खेळाडू हरतात.

बेरीज सांत की अनंत, यावरच असे निकाल ठरतात. एमिल बोरेल यांनी १९०९ मध्ये आणि पुढे कँटेली यांनी हा विचार व्यापक प्रमेयात बांधला. दोन पिशव्यांच्या खेळात दहा प्रयत्न फसण्याची संभाव्यता ६/११ आहे. त्या टप्प्यावर पोहोचलेल्या खेळाडूला उरलेल्या सर्व, अगणित प्रयत्नांत मिळून जिंकण्याची संभाव्यता अवघी १/१२ असते.