पार्श्वभूमी: फोर्ट पुलास्की तीस तासांत का पडला?

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, सव्हाना नदीच्या मुखावर, कॉकस्पर बेटावर हा किल्ला आहे. 1829 ते 1847 या काळात तो बांधला गेला. सुमारे अडीच कोटी विटा, साडेसात फूट जाडीचा तट आणि भोवती पाण्याचा खंदक. तोफ लावता येईल अशी सर्वांत जवळची कोरडी जमीन टायबी बेटावर, जवळपास मैलभर लांब. गुळगुळीत नळीच्या तोफा सात-आठशे यार्डांपलीकडून असा तट फोडू शकत नसत. म्हणून किल्ला अभेद्य आहे, यावर अमेरिकन यादवी युद्धातल्या उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही बाजूंच्या जाणत्या अधिकाऱ्यांचे एकमत होते.

किल्ला दक्षिणेच्या ताब्यात होता. 1861 च्या अखेरीस तिने टायबी बेट सोडून दिले. पुढच्या साऱ्या घटनांचे मूळ मला इथे दिसते. किल्ल्यावर सुमारे 140 तोफांची जागा होती, चढवलेल्या होत्या 48, आणि त्यांतल्या वीसएक तोफांचीच तोंडे टायबीकडे वळत होती.

उत्तरेच्या सैन्याने टायबीवर 36 तोफांचे 11 मोर्चे बांधले. तेरा इंची उखळी तोफेचे वजन 17,000 पौंड. अशी एकेक तोफ अडीचशे माणसांनी रात्री दलदलीतून ओढत नेली. किल्ल्याला चाहूल लागू नये म्हणून हुकूम शिट्टीवर दिले जात. या अवजड उखळी तोफांनी तटाचे फारसे बिघडवले नाही, त्यांचे बहुतेक गोळे किल्ल्याबाहेरच पडले. काम केले ते नळीला आतून पीळ पाडलेल्या तोफांनी. त्यांचे लांबट गोळे विटांत खोल शिरत आणि भोवतीचे बांधकाम खिळखिळे करत. मग मोठ्या गुळगुळीत तोफांचे गोल गोळे ती सैल झालेली भिंत खाली पाडत.

10 एप्रिल 1862 ला सकाळी आठनंतर मारा सुरू झाला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आग्नेय कोपऱ्यात मोठी भगदाडे पडली होती. त्यांतून आत आलेले गोळे मधले मैदान ओलांडून वायव्येच्या दारूकोठारापर्यंत पोहोचू लागले. कोठारात 40,000 पौंड दारू होती. पंचविशीतल्या किल्लेदाराने पांढरे निशाण चढवले.

वाद आजही आहे तो या निर्णयावर. प्राणहानी नाममात्र झाली होती, धान्य शिल्लक होते, मग किल्ला दिलाच कसा, हा दक्षिणेतला जुना आक्षेप. पण कोठार उडाले असते तर शिबंदीतली पावणेचारशेच्या वर माणसे ढिगाऱ्याखाली गेली असती. फेब्रुवारीपासून नदीचा मार्ग तोडलेला होता, त्यामुळे कुमक येण्याची आशा नव्हती. टायबीकडे वळणाऱ्या बऱ्याच तोफा गाड्यांवरून उलथल्या होत्या. लढत राहून काही साधले असते, असे मला वाटत नाही. दोष द्यायचाच तर टायबी सोडणाऱ्यांना द्यावा.

किल्ला पडताच सव्हाना बंदर बंद झाले. 13 एप्रिलला उत्तरेच्या विभागीय सेनापतीने किल्ल्यातल्या आणि बेटावरच्या गुलामांना मुक्त केले. मे महिन्यात त्याने तीन राज्यांसाठी काढलेला असाच हुकूम मात्र राष्ट्राध्यक्षांनी रद्द केला.

यानंतर दोन्ही बाजूंचा भर माती-वाळूच्या तटांवर वाढला. दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटन बंदराजवळचा, वाळूचा फोर्ट वॅग्नर 1863 मध्ये प्रचंड मारा सोसून उभा राहिला. वाळूत घुसलेला गोळा खड्डा पाडतो, तट कोसळत नाही. सव्हाना शहराच्या दक्षिणेला असलेला मातीचा फोर्ट मॅकअ‍ॅलिस्टर चिलखती जहाजांना दबला नाही. डिसेंबर 1864 मध्ये तो घेतला तो पायदळाने.

पुलास्कीच्या किल्लेदाराचे टीकाकार चार्ल्सटन बंदरातल्या फोर्ट सम्टरचे उदाहरण देतात. तो विटांचाच किल्ला 1863 मध्ये ढिगारा झाला, तरी फेब्रुवारी 1865 पर्यंत दक्षिणेने सोडला नाही. पण सम्टरवरच्या बहुतेक तोफा तोवर काढून नेल्या होत्या आणि ढिगाऱ्यात पायदळ बसवले होते. चार्ल्सटनहून रात्री होड्यांनी माणसे आणि रसद तिथे पोहोचत होती. पुलास्कीला अशी एकही होडी येऊ शकत नव्हती.