पाभरीच्या चाड्यापासून ब्रशच्या पट्ट्यापर्यंत: वेगवान प्लांटरची पार्श्वभूमी

डिसेंबरात पुण्याजवळ मोशीला किसान प्रदर्शन भरते, तेव्हा प्लांटरच्या, म्हणजे ओळीत ठरावीक अंतरावर एकेक दाणा पेरणाऱ्या यंत्राच्या, स्टॉलवर पहिला प्रश्न हमखास वेगाचा असतो. ताशी किती किलोमीटरने पेरतो? माहितीपत्रकावर कुठे आठ, कुठे बारा, तर परदेशी यंत्राच्या चित्राखाली सोळा असा आकडा असतो. हा आकडा आला कुठून हे समजले, तर यंत्र निवडणे आणि त्याचे सेटिंग करणे दोन्ही सोपे होते. तो एका शोधातून आलेला नाही. दाणा मोजणे, तो सरीच्या तळाशी नेऊन ठेवणे आणि सरीची खोली टिकवणे ही तीन वेगळी कामे आहेत. ती वेगवेगळ्या काळात सुटत गेली, आणि दरवेळी एक सुटले की दुसरे आडवे आले.

पाभरीवर, म्हणजे बैलांनी ओढायच्या पेरणीच्या अवजारावर, ही तिन्ही कामे माणसाच्या हातात होती. चाड्यात मूठ सोडणारी बाई बियाणे मोजायची, नळ्यांतून ते फणामागे पडायचे, आणि पाभरीवर हात किती दाबून ठेवला यावर खोली ठरायची. बैलांची चाल ताशी दोन-अडीच किलोमीटर. दोन ओळींतले अंतर फणांनी नेमके राखले जाई, पण ओळीतल्या दोन रोपांमधले अंतर राखणे या पद्धतीत शक्यच नव्हते. म्हणून थोडे जास्त पेरायचे आणि पुढे विरळणी करायची. बी घरचे असेपर्यंत हा हिशेब चुकीचा नव्हता. रब्बी ज्वारीसाठी पुढे दोन चाड्याची पाभर आली. तिच्यामुळे खत आणि बी एकाच फेरीत, पण वेगवेगळ्या नळ्यांतून जाऊ लागले. आजच्या प्लांटरवर खताची वेगळी पेटी असते, तीही याच कामासाठी.

ओळीतले अंतर राखण्याची धडपड सुरू झाली ती अमेरिकेत, मक्यासाठी. इलिनॉयमधल्या जॉर्ज ब्राऊन यांनी १८५३ मध्ये घोड्यांनी ओढायच्या मका प्लांटरचे पेटंट घेतले. एकाने घोडे हाकायचे आणि दुसऱ्याने खुणेवर तरफ ओढून दाणे सोडायचे, अशी त्याची रीत होती. पुढे शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गाठी मारलेली तार ताणून गाठीगणिक दाणे टाकणारी यंत्रे आली. त्यामुळे झाडे चौकटीत उगवत आणि उभी-आडवी दोन्हीकडून कोळपणी करता येई. तणनाशके आली आणि आडव्या कोळपणीची गरज संपली, तेव्हा ती तारही गेली. आता ओळीत समान अंतरावर एकेक दाणा हवा होता.

याच काळात संकरित बियाणे आले. भारतात मक्याचे पहिले संकरित वाण १९६१ मध्ये प्रसारित झाले. बियाणे दरवर्षी विकत घ्यायचे म्हटल्यावर विरळणीत उपटलेले रोप म्हणजे खिशातला पैसा. आपल्या ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्रातला खाचेदार रूळ बियाणे मापाने सोडतो, दाणे मोजत नाही. गव्हाला ते चालते, मक्याला चालत नाही. म्हणून तिरक्या तबकडीची टोकण यंत्रे आली. तबकडीच्या खाचेत एक दाणा बसतो, वर जातो आणि नळीत पडतो. साधे, स्वस्त आणि गावात दुरुस्त होणारे यंत्र. पण ताशी चार-पाच किलोमीटरच्या पुढे गेले की खाच भरायला वेळच मिळत नाही आणि ओळीत खाडे, म्हणजे रिकाम्या जागा, पडू लागतात. शिवाय दाणे लहान-मोठे असले, तर एका खाचेत दोन बसतात किंवा एकही बसत नाही.

यावर उपाय हवेने केला. १९७१ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरचा ‘सायक्लो’ आला. त्यात मधल्या एकाच पिंपात हवेच्या दाबाने दाणे छिद्रांना चिकटत आणि नळ्यांनी सगळ्या ओळींना जात. युरोपात प्रत्येक ओळीला स्वतंत्र, निर्वात दाबावर चालणारी उभी चकती रुळली. आपण ज्याला न्यूमॅटिक प्लांटर म्हणतो तो याच घराण्यातला. चकतीच्या एका बाजूला पंखा हवा ओढतो, छिद्रावर दाणा चिकटतो, निवडक पट्टी जादाचा दाणा पाडते आणि खाली हवा तुटली की दाणा सुटतो. दाण्याचा आकार थोडा कमी-जास्त असला तरी चालते, हा यातला मोठा फायदा. ही बांधणी आता पुण्याला परकी नाही. नगर रस्त्यावर सणसवाडीला जॉन डिअरचे ट्रॅक्टर बनतात, तर पुढे रांजणगावच्या एमआयडीसीत मास्किओ गॅस्पार्डोचा कारखाना आहे. दोन्ही ठिकाणे शिरूर तालुक्यातच.

खोलीचे कोडे १९७० च्या दशकाच्या मध्यावर सुटले. जॉन डिअरच्या ‘मॅक्सइमर्ज’ युनिटमध्ये, म्हणजे एका ओळीच्या पेरणीच्या जुळणीत, सरी पाडणारे दोन तवे आणि खोली राखणारी चाके शेजारीशेजारी आली. त्याआधी खोली पुढच्या किंवा मागच्या चाकावर ठरत असे. चाक ढेकळावर चढले की फाळ वर येई, आणि तोही नको त्या जागी. दाणा जिथे पडतो तिथेच चाक जमिनीला टेकलेले असले, तर चार सेंटिमीटर म्हणजे चारच राहतात. आज जवळपास सगळे मोठे प्लांटर याच मांडणीवर उभे आहेत.

मोजणे झाले, खोली झाली, तेव्हा खरी अडचण उघडी पडली ती नळीची. मका ६० बाय २० सेंटिमीटरवर (दोन ओळींत ६०, ओळीतल्या दोन दाण्यांत २०) असेल, तर ताशी ५ किलोमीटरला एका ओळीत सेकंदाला साधारण ७ दाणे लागतात, आणि १६ किलोमीटरला २२. छिद्रे २६ असतील, तर चकती मिनिटाला १६ ऐवजी ५१ फेरे घेते. चांगली चकती एवढे करते. पण दाणा अर्धा मीटर उंचीवरून पडायला सुमारे ०.३२ सेकंद घेतो, आणि तेवढ्यात १६ किलोमीटर वेगाचा प्लांटर १ मीटर ४० सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. सगळे दाणे सारख्याच वेळात पडले तर काहीच बिघडत नाही. पण एखादा नळीच्या भिंतीला आपटला आणि ०.०२ सेकंद उशिरा पोचला, तर ५ किलोमीटरला तो जागेपासून जेमतेम ३ सेंटिमीटर चुकतो, ८ ला साडेचार, १६ ला जवळपास ९. वर दाण्याला ट्रॅक्टरचा पुढचा वेगही असतो, त्यामुळे सरीत पडून तो गडगडतो.

स्वीडनच्या वाडरस्टाडने २०१० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘टेम्पो’त दाणा हवेच्या दाबाने नळीतून खाली मारला आणि सरीत एका मऊ चाकाखाली जागीच थांबवला. २०१४ मध्ये जॉन डिअरने ‘एक्झॅक्टइमर्ज’मध्ये नळी काढून ब्रशचा पट्टा बसवला, तर प्रिसिजन प्लांटिंगने ‘स्पीडट्यूब’मध्ये कप्प्यांचा पट्टा. दोन्ही पट्टे दाण्याला धरून खाली आणतात आणि ट्रॅक्टर जितक्या वेगाने पुढे जातो तितक्याच वेगाने मागे सोडतात. जमिनीच्या दृष्टीने दाणा स्थिर होतो. सोळा किलोमीटरचा आकडा इथून आला. त्याच्या जोडीला प्रत्येक ओळीला विजेची मोटर आणि हायड्रॉलिक दाब हवाच, कारण त्या वेगात युनिट उड्या मारते आणि स्प्रिंग मागे पडते.

आता हे पुणे जिल्ह्यात आणून पाहू. १०० बाय ४० मीटरचा एकर, चार ओळींचा प्लांटर, रुंदी २.४ मीटर, म्हणजे १७ फेरे. वळायला अर्धा मिनिट धरू. ताशी ५ किलोमीटरला पेरणी २० मिनिटे, वळणे ८ मिनिटे. वेग ८ केला तर पेरणी १३ मिनिटांवर येते, १२ केला तर साडेआठवर. म्हणजे पाचावरून आठवर गेल्याने एकरी ७ मिनिटे वाचतात, पुढे बारावर गेल्याने फक्त ४. पेटी भरायला लागणारा वेळ तर कमी होतच नाही. दौंड-इंदापूर भागात मुरघासाच्या मक्याचे सलग मोठे क्षेत्र असेल किंवा भाड्याने पेरून देण्याचा व्यवसाय असेल, तर वेगळा विचार करावा. एरवी पट्ट्याच्या युनिटला पैसे घालण्यापेक्षा ८ किलोमीटरला नेमके पेरणारा, चांगल्या चकतीचा आणि दणकट युनिटचा न्यूमॅटिक प्लांटर घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. वाफसा (पेरणीजोगी ओल) दोन दिवसांचाच मिळाला, तरी अडते ते बहुधा वळणावर आणि पेटी भरताना.

निवडताना सरी कशाने पडते हे आधी पाहा. बुटासारखा फाळ असलेली युनिटे स्वस्त असतात आणि मऊ, भुसभुशीत रानात चांगली चालतात. पण वेग वाढला की माती उडवतात, आणि उसाच्या खोडव्यानंतरच्या रानात पाचट अडकून पुढे ढीग लोटत नेतात. दोन तव्यांचे युनिट पाचट कापते. मात्र ओल्या काळ्या जमिनीत तवे सरीच्या भिंती चोपून गुळगुळीत करतात. नंतर ऊन लागले की सरी उघडते आणि मूळ त्याच फटीत अडकून राहते. यावर सेटिंग नाही, वाफसा येईपर्यंत थांबणे हाच इलाज. युनिटला यंत्राच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या समांतर भुजांच्या बुशांमध्ये खेळ आहे का, हे युनिट हाताने डावे-उजवे हलवून कळते. तवे समोर जिथे एकमेकांना टेकतात तिथे दोन्ही बाजूंनी जाड कागद सरकवा. दोन कागदांमधले अंतर चार ते पाच सेंटिमीटर असावे. कमी असेल तर सरी इंग्रजी डब्ल्यूसारखी पडते आणि दाणे दोन खोलींवर बसतात.

शेतात उतरल्यावर सगळ्यात आधी टूलबार, म्हणजे सगळी युनिटे बसवलेली आडवी दांडी. पेरताना समांतर भुजा जमिनीला समांतर हव्यात. ट्रॅक्टरच्या वरच्या दांड्याने हे जमते. नाक वर राहिले तर सरी बुजवणारी मागची दाबचाके ती उकरतात. मग चकती. मक्याला साधारण साडेचार ते साडेपाच मिलिमीटरचे छिद्र, निर्वात दाब ४० ते ६० मिलिबार, पण अखेरचा शब्द यंत्राच्या पुस्तिकेचा. दुहेरी दाणे पडत असतील तर आधी निवडक पट्टी आत घ्या आणि मग दाब कमी करा. खाडे पडत असतील तर उलट. बीजप्रक्रियेचे चिकट औषध सुकण्याआधी बी पेटीत टाकले, तर दाणे एकमेकांना धरून राहतात आणि कोणतेच सेटिंग लागू पडत नाही. बी सावलीत वाळवा, नंतर पुस्तिकेत सांगितलेली भुकटी मिसळा.

ओळीच्या सुरुवातीला एक-दोन मीटर रिकामे राहतात, ही तक्रार वारंवार येते. कारण चालकाच्या उजव्या पायात असते. वळताना तो इंजिन उतरवतो, पीटीओचे (यंत्राला ताकद देणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्याचे) फेरे मिनिटाला ५४० वरून घसरतात, पंख्याचा दाब पडतो आणि चकतीवरचे दाणे गळतात. वळणावर गिअर कमी करा, थ्रॉटल नको. दाबाचा काटा जागेवर आल्यावरच ओळीत शिरा. दुसरी तक्रार, सगळीकडेच अंतर वाढल्याची. जमिनीच्या चाकावर चालणाऱ्या प्लांटरमध्ये चाक भुसभुशीत मातीत घसरते, आणि जितके घसरते तितके अंतर वाढते. शेडमध्ये घेतलेले माप तिथे खोटे ठरते, माप पेरायच्या रानातच घ्यावे.

सोयाबीनची गोष्ट वेगळी. ४५ बाय ५ सेंटिमीटरवर सेकंदाला लागणारे दाणे त्याच वेगाला मक्याच्या चौपट, म्हणून इथे वेग कमीच ठेवावा. टरफल नाजूक असल्याने हवेची चकती तिरक्या तबकडीपेक्षा बरी. पण प्लांटर दाणा मोजतो, उगवण नाही. उगवणक्षमता ७० टक्के असेल, तर मीटरला २० रोपांसाठी २८ ते २९ दाणे पाडावे लागतात, म्हणजे अंतर साडेतीन सेंटिमीटर. खोली तीन-चार सेंटिमीटरच्या पुढे नेऊ नये.

वेग शेवटी रानातच ठरवावा. एकाच सेटिंगवर ५, ७ आणि ९ किलोमीटरला तीसतीस मीटर पेरा. प्रत्येक पट्ट्यात मधली पाच मीटर ओळ खुरप्याने हळूच, दाणा न हलवता उघडा. २० सेंटिमीटरवर २५ दाणे दिसायला हवेत. दहापेक्षा कमी अंतर म्हणजे दुहेरी, तीसपेक्षा जास्त म्हणजे खाडा. पीकपेरणी यंत्रांच्या आंतरराष्ट्रीय मानकातही अर्धपट आणि दीडपट हीच रेषा धरली आहे. दाण्यावर किती माती आहे तेही पट्टीने मोजा, आणि प्लांटर चालू असताना खोलीच्या चाकांकडे बघा. चाक अधूनमधून फिरायचे थांबत असेल, तर युनिट हवेत आहे. स्प्रिंग एक खाच घट्ट करा, पुन्हा पेरा, पुन्हा उघडा. ज्या वेगाला दाणे मोजून बरोबर येतात पण खोली चुकते, तो वेग त्या रानासाठी जास्त आहे.