घाटबंदी

एखाद्या राज्याने आपल्या बंदरांतील जहाजांना बाहेर पडण्यास, क्वचित आत येण्यासही, हुकुमाने केलेली मनाई. येथे घाट म्हणजे जहाजे लागतात तो धक्का. पुढे दुसऱ्या देशाशी होणाऱ्या व्यापारावरील सर्वंकष किंवा ठरावीक मालापुरत्या बंदीसही ही संज्ञा लावली जाऊ लागली. वृत्तपत्रांत त्या अर्थी ‘व्यापारबंदी’ रूढ आहे. मूळ ‘एम्बार्गो’ हा स्पॅनिश शब्द अटकाव किंवा जप्ती या अर्थाचा. प्रथा शब्दाहून जुनी असण्याचा संभव आहे.

घाटबंदी व नाकेबंदी यांची गल्लत होते. नाकेबंदीत आरमार शत्रूच्या किनाऱ्यासमोर उभे असते. घाटबंदी स्वतःच्या बंदरात, बहुधा जकात अधिकाऱ्यांकरवी, अमलात येते.

जुने ग्रंथकार मुलकी व वैरमूलक असे दोन प्रकार मानतात. मुलकी घाटबंदी स्वतःच्या जहाजांवर असते. ब्रिटन व फ्रान्स तटस्थ जहाजे पकडू लागल्यावर अमेरिकेने डिसेंबर १८०७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेफर्सनच्या कारकीर्दीत केलेला कायदा हे त्याचे ठळक उदाहरण. अमेरिकेची निर्यात वर्षभरात सुमारे १०·८ कोटी डॉलरवरून २·२ कोटींवर आली. अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड भागातील व्यापारी खवळले आणि मार्च १८०९ मध्ये कायदा मागे घ्यावा लागला.

वैरमूलक घाटबंदीत परक्या राज्याची जहाजे अडकवून ठेवतात. अशी अटक युद्धकृत्य की युद्धाविना केलेली प्रतिकारवाई, हा वाद जुना आहे. १८०३ मध्ये ब्रिटनने अडकवलेल्या ‘बूडेस लुस्ट’ या डच जहाजाच्या खटल्यात ब्रिटनच्या नाविक न्यायालयाचे न्यायाधीश सर विल्यम स्कॉट यांनी असा निर्णय दिला, की अटक प्रारंभी संदिग्धच असते. समेट झाला तर ती मुलकी ठरते व जहाज परत मिळते. युद्ध पेटले तर तीच अटक पहिल्या दिवसापासून वैरमूलक मानून जहाज जप्त होते. पश्चात्प्रभावाचे हे तत्त्व काहींना कृत्रिम वाटते. तथापि तत्कालीन राज्यांचा प्रत्यक्ष व्यवहार त्याच्याशीच अधिक जुळतो. १९०७ च्या सहाव्या हेग करारात युद्धारंभी शत्रूच्या व्यापारी जहाजांना निघून जाण्यास मुदत देणे ‘इष्ट’ म्हटले आहे, बंधनकारक नाही.

विसाव्या शतकात जहाजे मागे पडून माल पुढे आला. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील ४१ वे कलम हा सामूहिक बंदीचा आधार. १९६६ मध्ये दक्षिण ऱ्होडेशियावर (आताचा झिंबाब्वे) व १९७७ मध्ये (शस्त्रांपुरती) दक्षिण आफ्रिकेवर ती लादली गेली. भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार १९४६ मध्येच थांबवला होता. क्यूबावरील अमेरिकेची बंदी १९६२ पासूनची, एकतर्फी आहे. एकाच वस्तूचा पुरवठा रोखण्यालाही घाटबंदी म्हणावे काय, याविषयी एकमत नाही. तारापूरच्या अणुवीजकेंद्राला १९६३ च्या करारान्वये मिळणारे अमेरिकी इंधन १९७८ च्या तेथील कायद्यामुळे अडले व १९८२ मधील तडजोडीनंतर ते फ्रान्सकडून येऊ लागले; अशा प्रकरणांना ‘पुरवठाबंदी’ म्हणणे अधिक नेमके.