मुंबई सागरी किनारा मार्ग

मरीन ड्राइव्हच्या उत्तर टोकाकडील प्रिन्सेस स्ट्रीट उड्डाणपुलापासून वांद्रे–वरळी सागरी सेतूच्या वरळीकडील टोकापर्यंत जाणारा, बृहन्मुंबई महानगरपालिकेने बांधलेला १०.५८ किलोमीटर लांबीचा द्रुतगती रस्ता. त्याला छत्रपती संभाजी महाराजांचे नाव दिले आहे. बोलण्यात मात्र सगळे ‘कोस्टल रोड’च म्हणतात. चार अधिक चार मार्गिका, मलबार हिलच्या पोटातून सुमारे दोन किलोमीटरचे जुळे बोगदे, थोडा भाग पुलांवर आणि बराचसा समुद्रात भराव टाकून, अशी त्याची घडण आहे. भरावाचे क्षेत्र १११ हेक्टर. पथकर नाही.

कल्पना जुनी आहे. मुंबई बेट निमुळते, नोकऱ्या दक्षिण टोकाला आणि घरे उत्तरेला. त्यामुळे सकाळी सगळा लोंढा एकाच दिशेने आणि संध्याकाळी उलट. १९६२ साली विल्बर स्मिथ या अमेरिकी सल्लागार कंपनीकडे शहराच्या वाहतुकीच्या अभ्यासाचे काम दिले गेले. तिने सुचवलेल्या मुक्तमार्गांच्या जाळ्यात पश्चिम किनाऱ्यालगतचाही एक मार्ग होता. तो पुढे कित्येक दशके कागदावरच राहिला. दरम्यान हाजी अलीहून दक्षिणेला जाणाऱ्यांना पेडर रोडशिवाय फारसा इलाज नव्हता. तिथे उड्डाणपूल बांधायचा बेत रहिवाशांच्या विरोधामुळे बारगळला. विरोध करणाऱ्यांत लता मंगेशकरही होत्या.

प्रत्यक्ष सुरुवात झाली ती पुलाने. वांद्रे–वरळी सागरी सेतू ३० जून २००९ रोजी खुला झाला, पण वरळीला उतरलेली गाडी पुन्हा जुन्याच कोंडीत सापडे. सेतू हाजी अलीपर्यंत वाढवण्याचे कंत्राटही दिले गेले होते. मग २०११ मध्ये पृथ्वीराज चव्हाण मुख्यमंत्री असताना गाडी रुळ बदलून गेली: समुद्रावरून पूल नेण्यापेक्षा किनाऱ्यालगत भराव घालून रस्ता स्वस्त पडेल, असा विचार पुढे आला आणि त्यासाठी समिती नेमली गेली. वादाचे मूळ या निवडीत आहे. पुलाखालून पाणी वाहते, होडीही जाते; भराव टाकला की किनाराच सरकतो.

शिवाय किनाऱ्यालगतच्या बांधकामांना मर्यादा घालणाऱ्या किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत रस्त्यासाठी असा भराव बसत नव्हता. तेव्हा नियम बदलले गेले. डिसेंबर २०१५ च्या दुरुस्तीने ‘अपवादात्मक’ परिस्थितीत भरावावरच्या रस्त्याला वाट मिळाली आणि मे २०१७ मध्ये केंद्राने मंजुरी दिली. मरीन लाइन्स ते कांदिवली अशा २९.२ किलोमीटरच्या आखणीपैकी दक्षिणेचा तुकडा पालिकेने आधी हाती घेतला. काम २०१८ मध्ये सुरू झाले आणि १६ डिसेंबर रोजी उद्धव ठाकरे यांच्या हस्ते भूमिपूजन झाले. आधी काम, मग पूजा, हा क्रम मुंबईत कुणाला खटकत नाही.

विरोध दोन वेगळ्या ठिकाणांहून आला. ब्रीच कँडीकडचे रहिवासी टाटा गार्डनमधल्या झाडांसाठी आणि किनाऱ्यासाठी भांडत होते. वरळी कोळीवाड्यातल्यांची भाकरीच तिथली होती. इथला किनारा खडकाळ. बाहेरच्याला तो काळा, निसरडा आणि निरुपयोगी दिसतो. ओहोटीला याच खडकांवर कालवे, म्हणजे खायचे शिंपले, फोडली जातात आणि आजूबाजूच्या उथळ पाण्यात छोट्या होड्या जाळी टाकतात. पर्यावरण संस्थांबरोबर वरळीच्या नाखवांची, म्हणजे होडीवाल्या मच्छीमारांची, सहकारी सोसायटीही न्यायालयात गेली. १६ जुलै २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने प्रकल्पाची किनारा नियमन मंजुरी रद्द केली; निर्णयप्रक्रियेत गंभीर त्रुटी आहेत आणि २००६ च्या अधिसूचनेनुसार लागणारी पर्यावरण मंजुरी घेतलेली नाही, असे ठरले. १७ डिसेंबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने या निकालाला स्थगिती दिली, रस्त्याचे काम पुढे जाऊ दिले आणि भरावावरची इतर विकासकामे तूर्त थांबवली. खटला चालू आणि भरावही चालू, अशा स्थितीत शेवटी निकालाने बदलण्यासारखे फार काही उरत नाही. २०२० मध्ये हाजी अली आणि वरळी इथल्या प्रवाळांच्या वसाहती उचलून दुसरीकडे लावल्या गेल्या, हाही याच काळातला भाग.

खरी घासाघीस झाली ती खांबांवरून. वरळीच्या क्लीव्हलंड बंदरातून होड्या बाहेर पडतात, नेमक्या तिथेच रस्ता सागरी सेतूला जोडायचा होता. दोन खांबांमधले नियोजित अंतर सुमारे ६० मीटर. नकाशावर ते ऐसपैस वाटते. पण पावसाळी वाऱ्यात लाट होडीला आडवी ढकलते, आजूबाजूला खडक असतात आणि समोरून दुसरी होडी येत असते. अशा वेळी नाखवाला दोन्ही बाजूंना मोकळे पाणी हवे. मागणी होती २०० मीटरची. कोळ्यांनी समुद्रात होड्या घालून काम अडवले. २०२२ च्या अखेरीस एक खांब गाळून १२० मीटरचे अंतर ठेवायचे ठरले. इतक्या वर्षांच्या भांडणातून आखणीत झालेला हा सर्वांत ठळक बदल, आणि तोही मागणीच्या साठ टक्क्यांवर.

बोगदे खणणाऱ्या यंत्राचे नाव ‘मावळा’, व्यास १२.१९ मीटर, देशातले त्या वेळचे सर्वांत मोठे. जानेवारी २०२१ मध्ये खोदाई सुरू झाली, पहिला बोगदा वर्षभरात आणि दुसरा मे २०२३ मध्ये आरपार झाला.

उद्घाटने तुकड्यातुकड्याने झाली: ११ मार्च २०२४ रोजी वरळीहून मरीन ड्राइव्हकडे येणारी बाजू, जूनमध्ये हाजी अलीपर्यंतची उलट बाजू, सप्टेंबरमध्ये सागरी सेतूची जोडणी आणि जानेवारी २०२५ मध्ये उरलेले दुवे. मधल्या काळात, मे २०२४ मध्ये, नव्याकोऱ्या बोगद्याच्या सांध्यांतून पाणी झिरपताना दिसले आणि डागडुजी करावी लागली. समुद्रालगतचा पदपथ ऑगस्ट २०२५ मध्ये खुला झाला.

प्रकल्पाचा खर्च १३ हजार कोटी रुपयांवर गेला. या रस्त्यावर दुचाकी, रिक्षा आणि अवजड वाहनांना बंदी आहे. बसला मुभा आहे, पण आराखड्यात दाखवलेली बसची स्वतंत्र मार्गिका प्रत्यक्षात दिसत नाही. मोटार असलेल्याला वरळी–मरीन ड्राइव्ह प्रवास आता दहा-बारा मिनिटांचा आहे. लोकलच्या दारात लटकून चर्चगेटला येणाऱ्याला हा रस्ता गाडीतून दिसतही नाही.

उत्तरेला वांद्रे–वर्सोवा सागरी सेतू आणि त्यापुढे दहिसर–भाईंदरकडे जाणारा किनारी रस्ता अशी पुढची आखणी आहे. तिथे खडकांच्या जागी तिवरे आहेत आणि याचिका पुन्हा सुरू झाल्या आहेत.