बागेत आणि पायवाटेवर दिव्यांगांसाठी सोयी : सरकारी निधी कसा मागायचा

गावातल्या उद्यानात रॅम्प हवा, तलावाकाठच्या पायवाटेवर व्हीलचेअर चालावी, बागेच्या स्वच्छतागृहात धरायला कठडा असावा, अशा कामांसाठी सरकारकडे पैसा आहे आणि तो मागण्याची वाटही ठरलेली आहे. तरी बरेच अर्ज फाइलमध्येच पडून राहतात. ‘दिव्यांगांची गैरसोय होते, कृपया लक्ष द्यावे’ एवढेच त्यात लिहिलेले असते. जागा कोणाची, काम नेमके कोणते, खर्च अंदाजे किती आणि पैसा कोणत्या निधीतून, ही चार उत्तरे अर्जातच असली की तो बाजूला सारणे अवघड जाते.

मागणी ही मेहेरबानीची नाही, हे आधी मनात पक्के करा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार करमणुकीसाठी लोक वापरतात त्या वास्तूही ‘सार्वजनिक इमारत’ या व्याख्येत येतात. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम, म्हणजे दिव्यांगांना अडथळ्याविना वापरता येतील अशा करण्यासाठी कलम ४५ ने नियम निघाल्यापासून पाच वर्षे दिली होती. नियम जून २०१७ मध्ये निघाले, म्हणजे ती मुदत २०२२ मध्येच संपली. अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात हे लिहा.

अर्ज कोण करू शकतो

कोणीही नागरिक. अर्जदार स्वतः दिव्यांग असलाच पाहिजे असे नाही. मुलाला फिरवायला आणणारी आई, ज्येष्ठ नागरिक संघ, दिव्यांग संघटना, मॉर्निंग वॉकचा गट, कोणाचाही अर्ज चालतो. चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र) वैयक्तिक लाभाच्या योजनांना लागते, सार्वजनिक सोयीच्या मागणीला नाही. तरी परिसरातल्या दोन-तीन दिव्यांग रहिवाशांच्या सह्या घ्याव्यात. त्यांना विचारल्याशिवाय मागणी लिहूच नये, कारण कुठे अडते ते त्यांनाच कळते.

पात्रतेची खरी अट जागेला आहे. जागा सार्वजनिक मालकीची आणि सर्वांना खुली हवी. सोसायटीच्या खासगी बागेला हा निधी मिळत नाही. बिल्डरने ले-आउटमध्ये सोडलेली मोकळी जागा महापालिकेच्या ताब्यात आली आहे का, हे आधी तपासा. निधी अर्जदाराच्या हातात कधीच येत नाही. तो नगरपरिषद, जिल्हा परिषद, बांधकाम विभाग किंवा वन विभाग अशा काम करणाऱ्या यंत्रणेकडे जातो.

जागा कोणाची, हे आधी शोधा

ग्रामीण भागात सातबारा आणि शहरात मिळकत पत्रिका काढा. शहरी बागेसाठी विकास आराखड्यात त्या जागेवर उद्यानाचे आरक्षण आहे का, हे नगररचना विभागात कळते. हे कागद हाती नसताना आमदारांकडे जाऊ नका. पत्र मिळेल, पण काम जागेच्या प्रश्नावर अडेल.

डोंगरावरच्या आणि धरणाकाठच्या वाटांची गुंतागुंत जास्त असते. टेकडी वन विभागाची, बंधारा जलसंपदा विभागाचा आणि खालचा रस्ता ग्रामपंचायतीचा, असे एकाच वाटेवर तीन मालक निघू शकतात. वनजमिनीवर ग्रामपंचायत परस्पर काँक्रीट टाकू शकत नाही. तिथे उपवनसंरक्षकांकडे अर्ज करावा आणि गावात संयुक्त वन व्यवस्थापन समिती असेल तर तिचा ठराव जोडावा. किल्ला केंद्रीय संरक्षित स्मारक असेल तर भोवतीच्या १०० मीटरच्या प्रतिबंधित पट्ट्यात नव्या बांधकामाला मनाई आहे, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. अशा ठिकाणी पुरातत्त्व विभागालाच सोय करायला सांगणे हा सरळ मार्ग.

काय मागायचे, ते मापात लिहा

‘रॅम्प बांधावा’ एवढेच लिहिले तर फाटकाशी एक उभा उतार बांधून बिल निघते. रॅम्पचा चढ १:१२ पेक्षा तीव्र नसावा. म्हणजे पंधरा सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या असतील तर उंची ४५ सेंटिमीटर होते आणि रॅम्प किमान ५.४ मीटर लांब हवा. रुंदी निदान १.२ मीटर, दोन्ही बाजूंना कठडा, वर आणि खाली खुर्ची वळवायला दीड मीटर मोकळी जागा. दरवाजातून ९० सेंटिमीटरची मोकळी वाट हवी. दुचाकी आत येऊ नये म्हणून बसवलेले फिरकीचे फाटक व्हीलचेअरलाही अडवते, त्याला शेजारी पर्याय मागा. केंद्रीय गृहनिर्माण व शहरी व्यवहार मंत्रालयाने २०२१ मध्ये सुगमतेची एकत्रित मानके काढली आहेत. काम त्यांनुसार व्हावे, हे वाक्य अर्जात असू द्या.

मागणी तुकड्यांत करू नका. वाहन थांबते तिथून फाटक, फाटकापासून वाट, वाटेवर बाक, पाण्याचा नळ आणि स्वच्छतागृह, ही सलग साखळी मागा. मला विचाराल तर स्वच्छतागृहाला सर्वात वर ठेवा. ते वापरता येत नसेल तर माणूस अर्ध्या तासात घरी परततो, विशेषतः बायका. अंध व्यक्तींसाठी स्पर्शाने कळणाऱ्या फरशा आणि ब्रेल फलकही याच अर्जात घ्या.

निधी कुठला

पहिला दरवाजा स्थानिक स्वराज्य संस्थेचा. महाराष्ट्रात ग्रामपंचायत, नगरपरिषद आणि महापालिकेने आपल्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांग कल्याणावर खर्च करायची आहे, आणि त्यात सामूहिक सोयीही येतात. मात्र हा सगळा पैसा रॅम्पला मागू नका. त्यावर अनेक घरांचा औषधोपचार आणि उदरनिर्वाहाचा आधार असतो. बागेच्या मोठ्या कामासाठी उद्यान किंवा बांधकामाच्या नेहमीच्या तरतुदीवर बोट ठेवणे न्यायाचे.

दुसरा, आमदार आणि खासदार स्थानिक विकास निधी. राज्यात आमदाराला आणि देशात खासदाराला वर्षाला ५ कोटी रुपयांपर्यंतची कामे सुचवता येतात. लोकप्रतिनिधी शिफारस करतो, मंजुरी जिल्हा प्रशासन देते. राज्यसभेवर महाराष्ट्रातून निवडून गेलेला खासदार राज्यात कुठेही काम सुचवू शकतो, हा पर्याय फारसा कोणाला आठवत नाही. धार्मिक स्थळाच्या आवारातील बागेला खासदार निधी चालत नाही.

तिसरा, जिल्हा नियोजन समिती. पालकमंत्री अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी सदस्य सचिव असतात. शहरांतल्या सोयींसाठी नगरोत्थान ही राज्याची योजना, पर्यटनस्थळांसाठी प्रादेशिक पर्यटन विकास योजना असे मार्ग आहेत. पुण्यात राहत असाल तर महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांनी कामे सुचवण्याची पद्धतही आहे. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायचा असतो आणि ती छोट्या कामांसाठीच आहे, म्हणून रॅम्प, कठडे, फरशा यांना ती जुळते.

अर्जासोबत काय जोडावे

साध्या कागदावरचा अर्ज चालतो. सोबत सातबारा किंवा मिळकत पत्रिका, जागेचा हाताने काढलेला नकाशा, अडथळ्यांचे फोटो (प्रत्येकावर माप लिहून), रहिवाशांच्या सह्या आणि संस्था असेल तर नोंदणी प्रमाणपत्र व ठराव जोडा. गावात ग्रामसभेचा ठराव आणि काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात घेतल्याची नोंद फार उपयोगी पडते. जागा दुसऱ्या विभागाची असेल तर त्याचे नाहरकत प्रमाणपत्र लागेल. दाखल्यांच्या प्रती जोडल्यास त्यावरचे आधार क्रमांक झाका.

अंदाजपत्रक तुम्ही करायचे नसते, ते कनिष्ठ किंवा शाखा अभियंत्याचे काम. पण ते करून घेण्याची विनंती अर्जातच करा आणि पाहणीच्या दिवशी हजर राहा, शक्य असेल तर व्हीलचेअर वापरणाऱ्या व्यक्तीसह. त्यानंतर प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश अशी वाटचाल होते. पुढच्या वर्षात काम हवे असेल तर अर्ज दिवाळीच्या सुमारास पोहोचलेला बरा, कारण त्यानंतर अंदाजपत्रकाची तयारी सुरू होते. प्रत्येक अर्जाची पोच आवक क्रमांकासह घ्या.

उत्तर आले नाही तर

माहिती अधिकारात दहा रुपये शुल्कात ‘माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली’ हे विचारा. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. केंद्र सरकारच्या सुगम्य भारत ॲपवर अडथळ्याचा फोटोही टाकता येतो. तरी हालचाल नसेल तर पुण्यातील दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रार करा. साक्षीदार बोलावणे, कागद मागवणे यासाठी त्यांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्यांनी शिफारस केली की संबंधित कार्यालयाने केलेली कार्यवाही तीन महिन्यांत कळवायची असते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सुगमतेची मानके ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, असे ठरवले आहे. तक्रारीत त्या निकालाचा उल्लेख करा.

काम सुरू झाले की मोजपट्टी घेऊन जा. उतार, रुंदी आणि कठड्याची उंची काँक्रीट ओले असतानाच तपासा. चूक दिसली तर अभियंत्याला त्याच दिवशी लेखी कळवा, आणि अंतिम बिल निघण्यापूर्वी व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसाकडून संपूर्ण वाटेची प्रत्यक्ष चाचणी घेण्याची मागणी करा.