रक्तदाबाचा दोष कुठे बसतो? उंदरांनी दिलेली साक्ष

रावेर-यावल पट्ट्यातल्या ऊतिसंवर्धित केळीच्या बागेत सगळी झाडे जनुकांच्या दृष्टीने जवळजवळ एकसारखी असतात. म्हणून एका कोपऱ्यातले घड बारीक निघाले, तर शेतकरी वाणाला बोल न लावता आधी ठिबकची नळी तपासतो. माणसांच्या बाबतीत ही सोय नाही. एकाच चुलीवरचा ठेचा आणि उडदाचे पापड खाणाऱ्या दोन भावांपैकी एकाचाच रक्तदाब वाढला, तर त्यात जनुकांचा वाटा किती आणि मिठाचा किती, हे वेगळे काढता येत नाही.

उंदरांत ते काढता येते, कारण सलग 20 पिढ्या सख्ख्या भावाबहिणींचाच संकर केला की जवळजवळ एकसारखी जनुके असलेला वाण हाती येतो. जपानमधील क्योटो येथे ओकामोतो आणि आओकी यांनी 1963 मध्ये जाहीर केलेल्या वाणात जास्तीचे मीठ न देताही रक्तदाब चढतो. तो मोजण्यासाठी उंदराला अरुंद नळीत बसवून त्याची शेपटी हलकी गरम करतात आणि तिच्या बुडाशी बोटभर रुंदीचा पट्टा फुगवतात. दवाखान्यात आपल्या दंडाला बांधतात, त्याचेच हे छोटे रूप.

मला मात्र अमेरिकेतील लुईस डाल यांचे काम अधिक मोलाचे वाटते. खारट खाद्याने ज्यांचा दाब वाढला ते उंदीर आणि ज्यांचा वाढला नाही ते, असे दोन गट वेगळे वाढवून त्यांनी काही पिढ्यांतच दोन वंश तयार केले. पुढे 1970 च्या दशकात या दोन वंशांमध्ये मूत्रपिंडांची अदलाबदल केली, तेव्हा दाब बऱ्याच अंशी मूत्रपिंडाच्या मागे गेला: मीठ न सोसणाऱ्याचे मूत्रपिंड सोसणाऱ्याला बसवले की त्याचाही दाब वाढे, आणि उलट केले की उतरे.

जनुकाची मात्राही तपासता आली. जनुकशास्त्रज्ञ ऑलिव्हर स्मिथीज यांच्या प्रयोगशाळेत अँजिओटेन्सिनोजेन या, रक्तदाब वाढवणारे संप्रेरक ज्यापासून बनते त्या, प्रथिनाच्या जनुकाच्या शून्य ते चार प्रती असलेले छोटे उंदीर घडवले गेले; दर प्रतीमागे दाब सुमारे 8 मिलिमीटर पाऱ्याने वाढला.

एरवी हिशेब इतका सरळ नसतो. एका वंशातील गुणसूत्राचा तुकडा, पुन्हा पुन्हा संकर करून, दुसऱ्या वंशात आणतात आणि तो लहान लहान करत जातात. तेव्हा कधी कधी त्याच तुकड्यात दाब चढवणारा आणि उतरवणारा असे दोन्ही भाग शेजारी शेजारी निघतात.